बोधनिक मज्जाविज्ञानाचा पाठ्यग्रंथ : एक चिकित्सा

मायकेल गझ्झानिगा, रिचर्ड आयव्हरी आणि जॉर्ज मँगन या तीन अमेरिकन अभ्यासकांनी सिद्ध केलेला ‘कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स : द बायॉलॉजी ऑफ द माइंड’ हा ग्रंथ न्यूयॉर्कच्या नॉर्टन प्रकाशनसंस्थेने १९९८ साली प्रथम प्रसिद्ध केला. त्यानंतर त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. मनाचे व्यापार आणि मेंदूची रचना यांचा एकत्र विचार करणारे हे शास्त्र पदव्युत्तर पातळीवर जेथे जेथे शिकविले जाते, तेथे हा ग्रंथ बहुधा पहिल्या सत्रातच विद्यार्थ्याच्या हाती पडतो. आपल्या देशात अलाहाबाद विद्यापीठात २००२ साली या विषयाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. पुढे हैदराबाद विद्यापीठ, गांधीनगर व कानपूर येथील आय.आय.टी. अशा संस्थांतून त्याचे अध्यापन सुरू झाले. हरियाणातील मानेसर येथे मेंदूसंशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. या अभ्यासक्रमांना कोणी अभियांत्रिकीतून येतो, कोणी जीवशास्त्रातून, कोणी भाषाशास्त्रातून, तर कोणी आपल्याकडच्या एखाद्या कला महाविद्यालयातून मानसशास्त्र घेऊन बी.ए. होऊन येतो. या शेवटच्या वर्गातील विद्यार्थ्यांना मी अनेक वर्षे शिकविले आहे. प्रस्तुत चिकित्सा प्रामुख्याने त्यांच्यासाठी लिहिली आहे.

आरंभी शब्दाविषयी थोडे. हिंदीत या शास्त्राला ‘संज्ञानात्मक तंत्रिका विज्ञान’ म्हणतात. मराठीत ‘संज्ञानात्मक’ हा शब्द वापरण्यास मी कचरतो, कारण आपल्या वाचकांच्या मनात ‘संज्ञा’ हा पंचस्कंधांपैकी एक स्कंध म्हणून आधीच रुजलेला आहे, आणि त्याचा अर्थ बराच निराळा आहे. मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांतील ‘बोधन’ हा शब्द त्या मानाने मोकळा आहे. म्हणून या लेखात ‘बोधनिक मज्जाविज्ञान’ असा प्रयोग केला आहे.

या ग्रंथाच्या अलीकडच्या आवृत्त्या अ‍ॅन ग्रीन नावाच्या एका मोलकरणीच्या हकीकतीने सुरू होतात. १६५० साली इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्ड येथे, तिला फाशी देण्यात आले. ज्या घरी ती कामाला होती त्या घरातील मालकाच्या नातवाकडून तिला दिवस गेले, मूल मृत जन्मले आणि तिच्यावर बालहत्येचा आरोप आला. १६२४ च्या एका कायद्यानुसार अनौरस मुलाचा मृत्यू लपविणारी माता खुनीच समजली जाई, आणि मूल मृत जन्मले हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच असे. फाशीनंतर तिचे प्रेत शरीरविच्छेदनासाठी नेण्यात आले. पेटी उघडली तेव्हा तिच्या घशातून आवाज आला. थॉमस विलिस आणि विल्यम पेटी या वैद्यांनी उपचार करून तिला जगविले. याच विलिसने पुढे १६६४ साली मेंदूच्या रचनेवरील प्रख्यात ग्रंथ लिहिला.

ही हकीकत चटकदार आहे. ग्रंथकारांनी ती सांगितलीही चांगली. परंतु तिचा रोख विलिसच्या उदयाकडे आहे. अ‍ॅन ग्रीनचे शरीर त्या टेबलावर कोणत्या वाटेने आले, हा प्रश्न ग्रंथाच्या दृष्टीने गौण आहे. फाशी गेलेल्यांची प्रेते विच्छेदनासाठी मिळण्याचा हक्क ऑक्सफर्डच्या शरीरशास्त्राला होता, आणि त्या काळी फासावर कोणत्या थरातील माणसे चढत हे वेगळे सांगावयास नको. विद्यार्थ्याने पहिलेच प्रकरण वाचताना या ठिकाणी क्षणभर थांबावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. ग्रंथ टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. उलट, मेंदूविषयी आज जे ठामपणे सांगता येते ते इतक्या सुबोध रीतीने सांगणारे दुसरे पुस्तक मला ठाऊक नाही.

ग्रंथाचा पुढील प्रवास अशाच व्यक्तींच्या आधाराने चालतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी तपासलेला, केवळ ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकणारा लबोर्न. १८४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील व्हर्मांट येथे सुरुंगाच्या स्फोटाने ज्याच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली तो रेल्वेचा मुकादम फिनिअस गेज. (त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई मुलींची शाळा काढीत होते, हे आपले वाचक मनात जोडून घेतीलच.) १९५३ साली अपस्मारावरील शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस काढला गेल्यामुळे नवी आठवण धरण्याची शक्ती गमावलेला हेन्री मोलेसन. २००८ साली मृत्यू येईपर्यंत तो ‘एच. एम.’ या दोन अक्षरांनीच शास्त्राला परिचित होता. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्याकडून आरशात पाहून तारा गिरविण्याचा सराव करवून घेतला. रोज तो म्हणे की हे काम आपण पूर्वी कधी केलेले नाही, आणि रोज त्याचा हात मात्र अधिक सफाईने चाले. स्मृती ही एकसंध वस्तू नव्हे, हे शास्त्राला या माणसाने शिकविले. ग्रंथातील स्मृतीविषयक प्रकरण माझ्या मते सर्वांत उत्तम उतरले आहे.

गेजच्या बाबतीत मात्र विद्यार्थ्याने सावध राहावे. अपघातानंतर तो उद्धट, बेजबाबदार आणि निरुपयोगी झाला, अशी कथा पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. माल्कम मॅकमिलन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मूळ कागदपत्रे तपासून दाखविले की या कथेस पुरावा फार थोडा आहे. गेजने पुढे चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकण्याचे कौशल्याचे काम केले होते. एका माणसाविषयी डॉक्टरने लिहिलेल्या काही ओळी, आणि त्यावर दीड शतक उभी राहिलेली इमारत! परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नये, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश पाठ्यपुस्तकांनाही लागू आहे.

आता यंत्राविषयी. या शास्त्राची आजची प्रतिष्ठा मुख्यतः एका तंत्रावर उभी आहे. १९९० साली सेजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार चुंबकीय संकेत बदलतो आणि तो टिपता येतो. मेंदूचा जो भाग काम करतो तेथे रक्ताचा पुरवठा वाढतो, हे सूत्र. म्हणजे यंत्र विचार पाहत नाही, रक्त पाहते. चेतापेशींची क्रिया सेकंदाच्या हजाराव्या भागात घडते, तर रक्तप्रवाहाची लाट कळसास पोहोचण्यास पाच-सहा सेकंद लागतात. चित्रातील सर्वांत लहान घन दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यात लक्षावधी चेतापेशी असतात. शिवाय रंगीत ठिपका म्हणून जे छापले जाते ते छायाचित्र नव्हे. दोन अवस्थांची वजाबाकी करून, संख्याशास्त्राच्या चाळणीतून जे उरते त्याला दिलेला तो रंग असतो.

या चाळणीत काय होऊ शकते हे क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविले. त्यांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची चित्रे ‘दाखविली’ आणि नेहमीची आकडेमोड केली. हजारो घनांची तुलना एकाच वेळी केली असता काही घन योगायोगानेच ‘उजळतात’. त्यासाठी करावयाची दुरुस्ती गाळली, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही क्रिया आढळते. दुरुस्ती केली की ती नाहीशी होते. हा विनोद होता, पण २०१६ साली अँडर्स एक्लुंड व सहकाऱ्यांनी प्रचलित संगणकीय प्रणाल्या तपासून जे दाखविले तो विनोद नव्हता. काही परिस्थितींत खोट्या निष्कर्षांचे प्रमाण पाच टक्क्यांऐवजी सत्तर टक्क्यांपर्यंत जात होते. २०२० साली ‘नेचर’ मध्ये आलेल्या एका संशोधनात एकच सामग्री सत्तर गटांना दिली गेली आणि नऊ गृहीतके तपासण्यास सांगितले. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची पद्धत एकसारखी निघाली नाही, आणि काही गृहीतकांबाबत त्यांचे निष्कर्षही जुळले नाहीत. २०२२ साली स्कॉट मारेक व सहकाऱ्यांनी दाखविले की मेंदूची रचना आणि माणसामाणसांतील वर्तनाचे फरक यांचा संबंध विश्वासाने सांगावयाचा तर हजारो माणसे तपासावी लागतात. या क्षेत्रातील नेहमीचा नमुना वीस-पंचवीस जणांचा असे.

येथे एक गोष्ट नोंदवावी लागते. ही सर्व चिकित्सा या शास्त्राच्या अभ्यासकांनीच केली, बाहेरच्या टीकाकारांनी नव्हे. हे त्याचे बळ होय. कोणत्या धर्मपीठाने आपल्या ग्रंथाची अशी झडती घेतली आहे? परंतु नव्या विद्यार्थ्याला ही झडती मूळ पाठाबरोबरच मिळावयास हवी. रंगीत चित्रे पहिल्या सत्रात आणि शंका तिसऱ्या सत्रात, असा क्रम लागला तर पहिल्या सत्राचा ठसा पुसला जात नाही. म्हणून माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की जाण्यापूर्वी संख्याशास्त्र पक्के करा, संगणकाला आज्ञा लिहिण्याची एक भाषा शिका, आणि शोधनिबंध वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग वाचा. किती माणसे, कोणती माणसे, कोठून आणलेली?

‘कोणती माणसे’ हा प्रश्न तर सर्वांत महत्त्वाचा. जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली अमेरिकेतील मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांची मोजदाद केली तेव्हा आढळले की तपासलेल्या व्यक्तींपैकी ९६ टक्के व्यक्ती अशा देशांतील होत्या, ज्यांत जगाची केवळ १२ टक्के लोकसंख्या राहते. त्यांतही विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. पाठ्यग्रंथात ‘मानवी मेंदू’ असे शब्द येतात तेव्हा हा मेंदू बहुतेक वेळा एखाद्या अमेरिकन महाविद्यालयातील वीस वर्षांच्या मुलाचा असतो. वाचनाचे उदाहरण घ्या. या क्षेत्रातील वाचनविषयक संशोधनाचा मोठा भाग रोमन लिपीवर, आणि त्यातही इंग्रजीवर झाला आहे. आपल्या लिपीत मात्र ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार मागून. डोळा एका क्रमाने जातो, जीभ दुसऱ्या. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली नेमका हाच प्रश्न घेऊन देवनागरीचे वाचन तपासले, आणि असा क्रमभेद असलेल्या शब्दांना वाचकाला अधिक वेळ लागतो असे त्यांना आढळले. पहिलीच्या वर्गात शिकविणाऱ्या कोणत्याही बाईंना याची कल्पना असते, पण शास्त्रात ते प्रयोगाने यावे लागते, आणि तसे यावे हेच योग्य.

माझी एक विद्यार्थिनी मराठवाड्यातील एका लहान गावातून आली. बी.ए. नंतर ती या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला परप्रांतात गेली. दुसऱ्या सत्रात तिच्या वर्गात एका शोधनिबंधाचे वाचन तिच्याकडे आले. मायकेल स्काइडे, फाल्क ह्युटिग आणि त्यांचे भारतीय सहकारी यांचा तो निबंध २०१७ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात आला. लखनौजवळच्या खेड्यांतील, कधीही शाळेचे तोंड न पाहिलेल्या प्रौढ व्यक्ती त्यांनी निवडल्या. त्यांत स्त्रियाच अधिक होत्या, आणि वय तिशीच्या आसपास. एकवीस जणांना सहा महिने देवनागरीत हिंदी वाचावयास शिकविले, नऊ जणांना शिकविले नाही. आधी आणि नंतर सर्वांच्या मेंदूची तपासणी झाली. शिकलेल्यांच्या मेंदूत दृष्टीच्या भागाचे थॅलॅमसशी आणि मेंदूच्या देठातील केंद्रांशी असलेले संवाद अधिक सुसंगत झालेले आढळले. मेंदूचे हे भाग उत्क्रांतीच्या दृष्टीने फार जुने आहेत. ते प्रौढ वयात, आणि तेही वाचनासारख्या मानवनिर्मित कलेने बदलतील, ही अपेक्षा पूर्वी फारशी नव्हती. त्याच परिसरातील लोकांवरील २०१९ च्या दुसऱ्या एका निबंधात असे दिसले की वाचन शिकल्याने चेहरे ओळखण्याच्या शक्तीची हानी होत नाही.

वर्गात थॅलॅमसची चर्चा झाली, विश्लेषणाच्या पद्धतीची झाली, नमुना लहान असल्याचीही झाली. एका ओळीची झाली नाही. सहभागी व्यक्तींच्या वर्णनात एक वाक्य आहे की त्या सर्व अनुसूचित जातींच्या एकाच समाजातील आहेत. माझ्या विद्यार्थिनीने हे वाक्य वाचून दाखविले आणि ती पुढच्या परिच्छेदाकडे गेली. कोणी काही विचारले नाही, आणि तिनेही काही सांगितले नाही. त्या रात्री तिने मला लिहिले, “सर, माझी आजी त्या यंत्रासमोरच्या रांगेत बसली असती. तिला कोणी बाराखडी शिकविली असती तर तिने सहा महिनेही घेतले नसते. मी एवढे एक वाक्य वर्गात बोलू शकले नाही.”

हे पत्र मी कितीतरी वेळा वाचले आहे. संशोधकांची चूक कोठे, असा प्रश्न कोणी विचारील. त्यांनी लपविले काहीच नाही. तुलना निर्दोष व्हावी म्हणून एकाच समाजातील लोक घेणे ही पद्धतीची गरज होती. किंबहुना त्यांनी त्या एकवीस जणांना वाचावयास शिकविले, जे काम शासनाने व समाजाने तीस वर्षे केले नव्हते. माझा आक्षेप संशोधकांवर नसून वर्गावर आहे, त्या शिक्षणपद्धतीवर आहे. या प्रयोगाला अशी माणसे हवी होती, जी निरोगी आहेत, बुद्धीने सशक्त आहेत आणि तरीही निरक्षर आहेत. असा समूह निसर्गात सापडत नाही. तो घडवावा लागतो. ज्या व्यवस्थेने अक्षर ऐकणाऱ्या-उच्चारणाऱ्याला शिक्षा सांगितली, तिने तो शतकानुशतके घडविला. प्रयोगाची पूर्वअट म्हणजे जातिव्यवस्थेचा परिणाम होय, हे ज्या वर्गात एका वाक्यानेही बोलले जात नाही, त्या वर्गाने तो निबंध अर्धाच वाचला असे मला वाटते. ऑक्सफर्डच्या टेबलापर्यंत अ‍ॅन ग्रीन कशी आली हे न विचारण्याची सवय पहिल्या प्रकरणातच लागलेली असते.

दुसऱ्या बाजूनेही एक मोह आहे, आणि तो आपल्या लोकांचा आहे. हा निबंध मी एका व्याख्यानात सांगितला तेव्हा एक कार्यकर्ते उठून म्हणाले, “म्हणजे आता विज्ञानानेच सिद्ध केले की आपण कोणापेक्षा कमी नाही!” त्यांचा आनंद मला समजला. परंतु एकवीस जणांच्या नमुन्यावर समतेचा पाया घालू नये. उद्या मोठ्या नमुन्यावर हा परिणाम आढळला नाही, तर काय आपण कमी ठरणार? शिक्षणाचा हक्क थॅलॅमसच्या साक्षीवर अवलंबून नाही.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पद्धती आठवते. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची प्रतवारी लावण्याचा प्रयत्न केला. तेही त्या काळचे विज्ञानच होते, त्यालाही आकडे होते, कोष्टके होती. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मापे नाकारली नाहीत. ती हाती घेतली, प्रांतवार तपासली आणि दाखविले की त्या मापांनुसार ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, तेव्हा वंशभेदाचा सिद्धान्त स्वतःच्याच पुराव्याने कोसळतो. पण अस्पृश्यता अन्यायाची आहे हे त्यांचे प्रतिपादन त्या मापांवर टेकलेले नव्हते. मापे वेगळी निघाली असती तरी ते प्रतिपादन तसेच राहिले असते. आकड्यांना घाबरावयाचे नाही आणि त्यांच्यावर विसंबावयाचेही नाही, ही शिस्त मेंदूविज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्या ग्रंथाच्या संबंधित प्रकरणातून शिकावी असे मला वाटते. पाठ्यग्रंथात तिचा पाठ नाही.

ही शिस्त किती आवश्यक आहे याचे ताजे उदाहरण दारिद्र्य आणि मेंदू यांवरील संशोधनाचे आहे. किंबर्ली नोबल व सहकाऱ्यांनी २०१५ साली अमेरिकेतील तीन ते वीस वर्षे वयाच्या १,०९९ मुलांच्या मेंदूची मापे प्रसिद्ध केली. कुटुंबाचे उत्पन्न आणि मेंदूच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ यांत संबंध आढळला, आणि तो सर्वांत गरीब कुटुंबांत सर्वांत ठळक होता. हा सहसंबंध होता, कारण नव्हे. वर्तमानपत्रांनी मात्र गरिबीने मेंदू लहान होतो असे छापले. पुढे चार शहरांतील एक हजार गरीब मातांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली. काहींना दरमहा ३३३ डॉलर, इतरांना २० डॉलर. २०२२ साली एक वर्षाच्या बालकांच्या मेंदूलहरींत काही फरक दिसल्याचे जाहीर झाले, पण कडक संख्याशास्त्रीय दुरुस्तीनंतर तो टिकत नव्हता, आणि चौथ्या वर्षी अपेक्षित फरक आढळले नाहीत. मग गरीब मातेला पैसे देऊ नयेत काय? मुलाच्या पोटात अन्न जावे यासाठी त्याच्या मेंदूच्या लहरींची परवानगी लागते, असे ज्यांनी आधी गृहीत धरले त्यांचीच आता पंचाईत झाली आहे.

धम्माशी या शास्त्राचा संबंध जोडण्याची हौसही अलीकडे वाढली आहे. तिचा विचार केल्यावाचून ही चिकित्सा पुरी होणार नाही. गझ्झानिगा यांचे मूळ संशोधन दुभंगलेल्या मेंदूविषयी आहे. अपस्माराच्या काही रुग्णांत दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा कापला जाई. रॉजर स्पेरी यांच्या हाताखाली गझ्झानिगा यांनी १९६० नंतर अशा रुग्णांची तपासणी सुरू केली. स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे जोसेफ लेडू यांच्याबरोबर केलेल्या एका प्रयोगात रुग्णाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीच्या पायाचे चित्र दाखविले आणि उजव्याला बर्फाचे. उजव्या हाताने त्याने कोंबडी निवडली, डाव्याने फावडे. फावडे का, असे विचारता बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाने, ज्याला बर्फ ठाऊकच नव्हते, तत्काळ उत्तर दिले की कोंबड्यांचे खुराडे साफ करण्यास फावडे लागते. गझ्झानिगा यांनी या शक्तीला ‘अर्थ लावणारा’ असे नाव दिले. आपल्या कृतींची कारणे आपण मागाहून रचतो आणि ती मुळातच होती असे समजतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हे वाचताना बौद्ध वाचकाला अनात्मवाद आठवल्याशिवाय राहत नाही. नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे अवयव दाखवीत विचारलेले प्रश्नही आठवतात. मेंदूत मालकाची खुर्ची कोठेही सापडत नाही, हे तर सारा ग्रंथच सांगतो. पण यावरून ‘विज्ञानाने अनात्म सिद्ध केले’ असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. २०१७ साली याइर पिंटो व सहकाऱ्यांनी अशाच दोन रुग्णांना तपासले. त्यांचे पाहणे दुभंगलेले होते, पण ते पाहिलेल्या वस्तूविषयी कोणत्याही हाताने वा वाणीने उत्तर देऊ शकत होते. म्हणजे जाणीव दुभंगते की नाही हाच वाद अजून मिटलेला नाही. ज्या निष्कर्षावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही त्यावर आपण तत्त्वज्ञान का टेकवावे?

ध्यानाच्या बाबतीत तर अधिक संयम हवा. २००४ साली आंत्वान लुट्झ, रिचर्ड डेव्हिडसन आणि सहकारी यांनी दीर्घकाळ साधना केलेल्या आठ तिबेटी परंपरेतील साधकांच्या मेंदूलहरी दहा विद्यार्थ्यांशी ताडून पाहिल्या आणि मोठा फरक नोंदविला. त्या निबंधाचा जगभर गवगवा झाला. आठ साधक! ते साधनेमुळे तसे झाले की मुळात तसे असल्यामुळे साधनेत टिकले, हे त्या रचनेतून कळूच शकत नव्हते. पुढे डेव्हिडसन यांच्याच प्रयोगशाळेतून २०२२ साली २१८ व्यक्तींवरील निबंध आला. आठ आठवड्यांच्या सजगतेच्या प्रशिक्षणाने मेंदूच्या रचनेत फरक पडल्याचे त्यात दिसले नाही. या दुसऱ्या निबंधाविषयी आपल्या सभांतून मी एकदाही ऐकले नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी बुद्धवचन कोणते हे ठरविण्यासाठी बुद्धीची आणि तर्काची कसोटी लावली. ती कसोटी आपल्याला सोयीच्या निबंधांसाठी सैल करण्याची मुभा त्यांनी कोठे दिल्याचे मला दिसत नाही. धम्माचा मुख्य विषय माणसामाणसांतील व्यवहार आहे. तो यंत्राच्या नळीत पडून राहिलेल्या एकट्या माणसात मोजता येण्याजोगा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

ग्रंथाच्या भाषेविषयी शेवटचा मुद्दा. या विषयावर पदव्युत्तर पातळीचे मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. इंग्रजीत हजार शब्द नवे, आणि त्यांतील निम्मे लॅटिन. मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिले सहा महिने विषयाशी झुंजत नसते, शब्दांशी झुंजत असते, आणि त्या काळात वर्गात गप्प राहणाऱ्याला मंद समजले जाते. परिभाषेचा एखादा लहानसा कोश आपल्या महाविद्यालयांतील मानसशास्त्राच्या आणि प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी मिळून केला, तर त्याचा उपयोग होईल.

माझी ती विद्यार्थिनी सध्या प्रबंधाच्या तयारीत आहे. प्रौढपणी अक्षर शिकणाऱ्या स्त्रिया वेलांटीचे शब्द कसे वाचतात हा तिचा विषय. मेंदूची तपासणी नाही, फक्त डोळ्यांच्या हालचालींची नोंद. गेल्या महिन्यात तिने संमतिपत्राचा मराठी मसुदा मला पाठविला. जिच्यावर प्रयोग होतो त्या व्यक्तीला आमच्या जुन्या मराठी पुस्तकांत ‘प्रयुक्त’ म्हणत, म्हणजे वापरलेला, उपयोगात आणलेला. इंग्रजी नियतकालिकांनीही जुना शब्द टाकून ‘सहभागी’ या अर्थाचा शब्द घेतला आहे. तिने दोन्ही खोडून तेथे ‘बाई’ एवढेच लिहिले होते, आणि हे परीक्षकांना चालेल काय असे समासात विचारले होते. मी समितीच्या प्रतीत ‘सहभागी’ ठेवण्यास सांगितले आहे. बायकांच्या हाती जाणाऱ्या प्रतीत तिचाच शब्द राहील. मसुदा त्यांना वाचून दाखवावयाचा आहे. सहा महिन्यांनी तोच मसुदा त्यांच्याकडून वाचून घ्यावयाचा, असे तिने योजले आहे.